संघर्षानंतर गावातल्या जमिनींची नोंद कशी करावी: कमी खर्चात, सगळ्यांसमक्ष

यादवी संपली की जमिनीचे तंटे मिटत नाहीत, उलट तेव्हाच वर येतात. पळून गेलेली कुटुंबं परततात तर त्यांची शेतं दुसरं कुणी कसत असतं. जुनं दप्तर जळालेलं, साक्षीदार मेलेले किंवा परागंदा. अशा वेळी यंत्राने काटेकोर मोजून प्रत्येक बांधाच्या कोपऱ्यावर दगड रोवायचा आग्रह धरला तर एकेका जिल्ह्यात एक पिढी निघून जाईल. तोवर जमीन पैसेवाल्याकडे नाहीतर बंदूकवाल्याकडे सरकलेली असेल.

यातून जी स्वस्त रीत रुळली ती 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय मोजणीदार महासंघ आणि जागतिक बँक यांनी मिळून मांडली. मोजणी गरजेपुरतीच अचूक असावी, हद्द शक्यतो हवाई किंवा उपग्रह चित्रावर दिसते तशी घ्यावी, आणि आज केलेली नोंद पुढे सुधारता यावी, हे तिचं सार. रवांडाने 2009 ते 2013 या काळात देशभरातल्या 1 कोटीहून अधिक तुकड्यांची नोंद अशीच केली. दर तुकड्यामागे खर्च आला साधारण 6 ते 7 डॉलर. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात 1998-99 मध्ये तर दोरी, कागद आणि गावची माणसं एवढ्यावर काम झालं, तुकड्यामागे सुमारे 1 डॉलरमध्ये.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरा. या रीतीत सवलत फक्त मापाला आहे. बांध दोन मीटर इकडेतिकडे झाला तर पुढे दुरुस्त करता येतो. पण एखाद्या विधवेचं किंवा छावणीत अडकलेल्या कुटुंबाचं नाव राहून गेलं तर शिक्का बसलेला दाखलाच त्यांच्या विरोधात पुरावा होतो. मोजणीत वाचलेला पैसा आणि वेळ शोधाशोधीत आणि सुनावणीत घालायचा आहे.

गावात पाऊल टाकण्याआधी

कायदा तपासा. तोंडी साक्ष पुरावा म्हणून चालते का, वहिवाटीवरून हक्क मिळतो का आणि किती वर्षांच्या, आणि हद्द दाखवणाऱ्या कागदावर परवानाधारक मोजणीदाराचीच सही लागते का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हवीत. मोझांबिकचा 1997 चा जमीन कायदा या बाबतीत चांगला नमुना आहे. 1992 मध्ये शांतता करार झाल्यावर तिथे हे ओळखलं गेलं की लोकांकडे कागद नसणारच. म्हणून 10 वर्षं सद्भावनेने जमीन वापरणाऱ्याचा हक्क कायद्याने मानला आणि तो साक्षीने सिद्ध करायची मुभा दिली. तुमच्याकडे अशी तरतूद नसेल तर आधी सरकारी आदेश काढून घ्या, मगच शिवारात उतरा. नाहीतर सगळे फॉर्म भरले जातात आणि कपाटात पडून राहतात.

सुरुंग. सुरुंग काढणाऱ्या यंत्रणेचा ताजा नकाशा हातात असल्याशिवाय हद्दीवरून कुणालाही चालवू नका. संशयित भागातली शेतं चित्रावरूनच काढा आणि फॉर्मवर ‘प्रत्यक्ष पाहणी बाकी’ असं लिहा. वापरात नसलेला बांध हा वर्षानुवर्षं कुणी न तुडवलेला बांध असतो, आणि धोका नेमका तिथेच जास्त.

राखीव जमीन. कोलंबियातल्या मेता प्रांतात, व्हिस्ता एर्मोसा भागात, ला माकारेना राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागून आहे. तिथल्या संविधानाप्रमाणे राष्ट्रीय उद्यानाची जमीन कुणाच्याच नावे होऊ शकत नाही. असा पट्टा तुमच्याकडे असेल तर पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा. तिथल्या रहिवाशांची नोंद वेगळ्या वहीत जरूर घ्या, कारण पुनर्वसनाच्या वेळी ती लागते, पण मालकीची आशा दाखवू नका.

चौथी तयारी बहुतेक जण वगळतात: गावाचं कालपत्रक. जाणत्या माणसांना आणि बायकांना, वेगवेगळे गट करून, बसवा आणि एका कागदावर क्रम लावून घ्या. कोणता सशस्त्र गट कधी आला, पूल कधी उडवला, वस्ती कधी उठली, पहिली घरं कधी परतली, कोणता दुष्काळ, कोणता पूर. लोकांना तारखा आठवत नाहीत, घटना आठवतात. ‘पूल पडल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात आलो’ असं कुणी म्हटलं की पत्रकावरून साल काढता येतं, आणि दोघांच्या सांगण्यात तफावत असेल तर तीही तिथेच दिसते.

समिती आणि माणसं

समिती 7 ते 9 जणांची असावी आणि उघड सभेत निवडलेली असावी. किमान 3 बायका. मागे राहिलेले, परतलेले, मधल्या काळात येऊन वसलेले आणि गुरं चारणारे, या प्रत्येकातलं किमान एक माणूस हवंच. ज्याच्या शेताचा विषय निघेल त्या सदस्याने त्या वेळी बाजूला बसायचं, हा नियम आधी सभेत वाचून दाखवा.

नोंदीचं काम गावच्याच तरुण मुलामुलींना शिकवता येतं. जोडी करा: एक नकाशावर रेघ काढणार, दुसरा फॉर्म भरणार. प्रशिक्षण 4-5 दिवसांचं पुरतं. पहिला दिवस फक्त चित्र वाचायला द्या: स्वतःचं घर, विहीर, ओढ्याचं वळण शोधून त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्याला फॉर्मचं काम द्या. कुणालाही स्वतःच्या वस्तीत नेमू नका. सपाट भागात, लहान शेतं असतील तर एक जोडी दिवसाला 25-30 तुकडे करते. चढ किंवा झाडी असेल तर निम्मेच धरा.

नकाशा

चित्राचा तपशील अर्धा मीटर किंवा त्याहून बारीक असला, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा अर्धा मीटर किंवा त्याहून कमी दाखवत असला, की बांध, कुंपण, पायवाट, झाडांची ओळ ओळखू येते. रवांडात 25 सेंटिमीटर तपशिलाची हवाई छायाचित्रं वापरली. ढगाळ प्रदेशात ड्रोन उडवणं सोयीचं, पण संघर्षाच्या भागात आकाशात घरघर ऐकली की लोक घाबरतात. दोन दिवस आधी घरोघरी सांगा आणि लष्कर-पोलिसांची लेखी परवानगी जवळ ठेवा.

छापण्याचं प्रमाण शेतांच्या आकारावरून ठरवा. दाट, लहान शेतांना 1:2000, मोठ्या कुरणांना आणि मळ्यांना 1:5000. 1:2000 वर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 2 मीटर, म्हणून 0.3 मिलिमीटरचं पेन वापरलं तर रेघेची जाडीच 60 सेंटिमीटर होते. जाड मार्कर इथे चालत नाही. या प्रमाणात ए-झीरो आकाराच्या एका कागदावर 400 हेक्टर मावतात, ए-वनवर 200. 1:5000 वर तोच ए-झीरो कागद 2500 हेक्टर दाखवतो. वाऱ्यात ए-झीरो कागद आवरत नाही. शिवारात ए-वन न्या आणि कडक फळीला चिमट्यांनी लावा.

शेजारच्या दोन कागदांवर काठाचा 5 सेंटिमीटरचा पट्टा सारखा छापा. शेत काठावर कापलं गेलं की ते एकतर दोनदा नोंदलं जातं किंवा एकदाही नाही. प्रत्येक कागदावर ठळक 4-5 जागा निवडून, उदाहरणार्थ रस्त्याचा तिठा किंवा पुलाचा कोपरा, तिथे जाऊन मोजा आणि चित्र सरकलेलं नाही ना ते पाहा. डोंगरउतारावर चित्र जमिनीचा उंचसखलपणा धरून नीट सुधारलेलं नसेल तर ते कित्येक मीटर सरकलेलं असतं, आणि सपाटीवर तपासून ही चूक कधीच सापडत नाही.

जुनी चित्रं मिळाली तर सोन्याहून पिवळं. लँडसॅट उपग्रहाची 30 मीटर तपशिलाची चित्रं 1980 च्या दशकापासूनची आहेत आणि मोफत मिळतात. त्यात बांध दिसत नाहीत, पण जंगल कोणत्या वर्षी तुटलं ते दिसतं. ‘ही जमीन आमच्या आजोबांनी मोकळी केली’ आणि ‘यांनी ती आम्ही पळाल्यावर तोडली’ या दोन दाव्यांत निवाडा करायला तेवढं पुष्कळदा पुरतं.

आधी शीव, मग सामाईक जमीन, शेवटी खाजगी शेतं

हा क्रम बदलू नका. पहिल्यांदा शेजारच्या गावांच्या समित्या बोलावून शीव चालून घ्या. मग चराऊ रान, पाणवठे, गुरांच्या वाटा, दफनभूमी, देवाची झाडं हिरव्या शाईने काढा. त्यानंतरच एकेकाची शेतं घ्या. खाजगी नोंदीला आधी हात घातला की चार हुशार माणसं रानाच्या कडेने आपापल्या रेघा पुढे सरकवतात, आणि गुरं घेऊन फिरणारे त्या आठवड्यात नेमके दुसरीकडे असतात. ते कोणत्या महिन्यात परततात ते विचारून तारीख ठरवा.

हद्द दाखवायचा दिवस

तारीख किमान दोन आठवडे आधी जाहीर करा: सभेत, बाजाराच्या दिवशी, रेडिओवर, आणि विस्थापित जिथे राहतात त्या शहरात व छावणीतही. आठवणीची दवंडी आदल्या दिवशी.

शेतावर फक्त मालकाला बोलावू नका. एका पट्ट्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांना एकाच वेळी बोलवा. प्रत्येक कुटुंब आपापली हद्द वेगवेगळ्या दिवशी चालून दाखवू लागलं की सामाईक बांधाच्या दोन रेघा होतात. फोनच्या जीपीएसची चूक मोकळ्या आभाळाखालीही 5 मीटरच्या आसपास असते आणि दाट झाडीत ती वाढते. 50 मीटर लांब-रुंद शेताची एक बाजू 5 मीटर सरकली तर दहावा हिस्सा जमीन इकडची तिकडे जाते. मग संगणक दोन रेघांमधली पट्टी ‘वाद’ म्हणून दाखवतो आणि ज्या शेजाऱ्यांचं काहीच भांडण नव्हतं ते भांडू लागतात. म्हणून सामाईक बांध एकदाच काढायचा, दोघं समोर उभे असताना, एकच रेघ.

रेघ काढल्यावर नकाशा दोघांसमोर धरा आणि बांधावरच्या खुणा मोठ्याने वाचा: ‘आंब्यापासून ओढ्याच्या वाकणापर्यंत, मग मोठ्या दगडापर्यंत सरळ.’ दोघांनी मान डोलावली की काळी शाई. वाद असेल तर तांबडी, दोघांच्या दोन्ही रेघा आणि मध्ये वादाचा क्रमांक. मालक गैरहजर असेल तर निळी. शेतात चौकोन काढून त्यात क्रमांक लिहा: कागदाचा क्रमांक, आडवी रेघ, अनुक्रमांक, म्हणजे 07-113. तोच क्रमांक फॉर्मवर आणि पावतीवर. क्रमांकांची पट्टी प्रत्येक जोडीला आधीच वाटून द्या, एका जोडीला 1 ते 200, दुसरीला 201 ते 400. संध्याकाळी सगळ्या नकाशांचे फोटो काढा, मगच ते घडी करा.

झाडांखाली चित्रावर बांध दिसतच नसेल तर फोनला जोडायचा, मीटरच्या आत अचूक असलेला छोटा उपग्रह-ग्राहक वापरा. व्हिस्ता एर्मोसात असेच ग्राहक शेतकऱ्यांच्या हाती देऊन, फोनवरच्या अ‍ॅपसह, त्यांनाच हद्द चालायला लावलं होतं. सलग रेघ नोंदवण्याऐवजी प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबून बिंदू घ्या. चालता चालता घेतलेली रेघ झाडीत नागमोडी येते.

पावती त्याच जागी द्या. तिच्यावर क्रमांक, सगळ्या हक्कदारांची नावं, तारीख, आणि ठळक अक्षरांत ‘हा मालकीचा दाखला नाही’. शेवटची ओळ नसेल तर पावत्यांवर जमिनी विकल्या जातात.

फॉर्म: कुणाची जमीन?

फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना ठेवू नका. टिग्रेत पहिल्या दाखल्यांवर कुटुंबप्रमुखाचं एकच नाव होतं. इथिओपियाच्याच अम्हारा प्रांताने नंतर नवरा-बायको दोघांची नावं आणि फोटो लावले. किमान सहा नावांची जागा ठेवा आणि प्रत्येकापुढे नातं, हक्काचा प्रकार आणि तो कसा मिळाला ते लिहा.

लग्नाचा दाखला मागू नका. रवांडात पहिल्या चाचणीच्या वेळी हीच गोष्ट नडली. दाखला असलेल्या बायकांचं नाव नवऱ्यासोबत लागलं आणि त्यांची बाजू भक्कम झाली, पण रिवाजाने लग्न झालेल्या, कागद नसलेल्या बायका मागे पडल्या. संघर्षानंतर अशा बायका जास्त असतात. एकत्र राहणं आणि एकत्र कसणं याची शेजाऱ्यांची साक्ष पुरेशी माना. एकाहून अधिक बायका असतील तर प्रत्येकीचा तुकडा आणि हक्क स्वतंत्र लिहा.

नवरा बेपत्ता असेल आणि मृत्यूचा दाखला नसेल तर बायकोचा हक्क तिच्या स्वतःच्या नावाने नोंदवा, नवऱ्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ आणि साल. दिराला ‘तात्पुरतं’ लिहू नका. ते तात्पुरतं राहत नाही. अनाथ मुलांच्या बाबतीत हक्कदार म्हणून मुलाचंच नाव आणि जन्मसाल, काका किंवा मामा फक्त पालक. फॉर्मवर हे दोन रकाने वेगवेगळ्या ओळींत छापा, कारण घाईत भरणारा मोठ्या माणसाचं नाव वरच्या ओळीत लिहून मोकळा होतो. बायकांची एक बैठक निराळी घ्या, फॉर्म भरून झाल्यावर, आणि त्यात वस्तीची सगळी नावं वाचून दाखवा. राहिलेल्यांची नावं तिथेच कळतात.

मालकीखेरीज इतर हक्कही लिहा: कापणीनंतर गुरं चारायचा, विहिरीचं पाणी भरायचा, बांधावरून जायचा, झाडाची फळं घ्यायचा. हे नोंदवलं नाही तर दाखला मिळाल्यावर पहिलं कुंपण पाणवठ्याच्या वाटेवर पडतं. संगणकात हे ठेवायला एसटीडीएम नावाची मोफत प्रणाली आहे, क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी. माणूस, त्याचं जमिनीशी नातं आणि जमिनीचा तुकडा असे तीन भाग ती वेगळे ठेवते, त्यामुळे एका तुकड्यावर अनेकांचे निरनिराळे हक्क बसतात.

गैरहजर आणि मधले कब्जेदार

प्रत्येक फॉर्मवर चार प्रश्न असावेत. संघर्षाआधी इथे कोण कसत होतं? ते कधी गेले? तुम्ही कधी आलात? कुणी दिली? शेवटच्याला ‘विकत घेतली’ असं उत्तर आलं तर साल पाहा आणि कालपत्रकाशी ताडा. गाव उठलं त्या काळातली खरेदी, आणि तीही नगण्य भावाने, ही जबरदस्तीची असू शकते. कोलंबियाच्या 2011 च्या 1448 क्रमांकाच्या कायद्याने अशा प्रकरणांत पुराव्याचं ओझंच उलटवलं: विस्थापिताने आपला संबंध दाखवला की व्यवहार स्वच्छ होता हे कब्जेदाराने सिद्ध करायचं. तुमचा कायदा असं म्हणत नसला तरी असा फॉर्म बाजूला काढा आणि दाखला थांबवा.

मधला कब्जेदार हा दरवेळी लुटारू नसतो. तोही कुठून तरी हुसकावलेला असतो. विस्थापितांच्या मालमत्तेबाबतची 2005 ची पिन्हेइरो तत्त्वं हेच सांगतात: मूळ मालकाचा हक्क राहतो, पण कब्जेदाराला मनमानीने बाहेर काढता येत नाही. त्याचं नाव, कुटुंब, उभं पीक, बांधलेलं घर सगळं नोंदवा.

या माहितीची यादी धोक्याची आहे. कोण पळालं, कुणाच्या भीतीने, कोणत्या जमातीचं, हे जाहीर यादीत आणि दाखल्यावर येऊ देऊ नका. हे रकाने फॉर्मच्या मागच्या पानावर ठेवा आणि ते पान वेगळ्या कुलपात. फोनवरचा डेटा रोज उतरवून फोनमधून पुसा.

वाद

वादाचा तुकडा बाजूला ठेवून पुढे चला. त्याच्यासाठी शेजारच्या चाळीस जणांचं काम अडवायचं नाही. बांधाचे आणि भाऊबंदकीचे वाद समितीकडे, प्रत्यक्ष शेतावर, दोन बैठकांपर्यंत. मिटला तर तडजोड तिथेच लिहा, मोठ्याने वाचा, दोन्ही बाजूंच्या सह्या-अंगठे घ्या आणि प्रत दोघांना द्या. तिसरी बैठक घेऊ नका. तोवर दबाव येऊ लागतो. हत्या, बळजोरी किंवा सशस्त्र गटाचा संबंध असेल तर तो वाद समितीपुढे आणूच नका, थेट न्यायालय किंवा जमिनी परत मिळवून देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे पाठवा. गावातल्या पंचाला अशा प्रकरणात निकाल द्यायला लावणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणं.

जाहीर वाचन आणि हरकती

सगळं संगणकात चढवून नवा नकाशा छापा आणि भिंतीवर लावा. चढवताना रेघा एकमेकींना चिकटवायची सोय सुरू ठेवा, नाहीतर तुकड्यांमध्ये बारीक फटी राहतात. नकाशा आणि यादी किमान 30 दिवस ठेवा. विस्थापित दूर असतील तर त्याहून जास्त. नुसतं टांगून भागत नाही. दोन बाजारच्या दिवशी यादी मोठ्याने वाचा. हरकत तोंडीही घ्या, लिहून देण्याचं काम कारकुनाचं. दुरुस्ती तांबड्या शाईत, दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी. जुनी नोंद खोडून काढू नका, तिच्यावर एकच रेघ मारा.

वेळ आणि पैसा कमी पडू लागला की कात्री नेहमी याच टप्प्याला लागते, आणि अख्ख्या कामात याहून वाईट काटकसर नाही. कमी करायचंच असेल तर ड्रोन सोडून उपग्रहाचं चित्र घ्या, चकचकीत दाखला सोडून साध्या कागदावर छापा.

दाखला दिल्यानंतर

रवांडाने पहिली नोंद स्वस्तात केली, पण पुढच्या खरेदी-विक्रीच्या नोंदीला जमिनीचा आकार न बघता सरसकट शुल्क लावलं. लहान तुकडे विकणाऱ्यांना ते झेपेना आणि बरेच व्यवहार पुन्हा तोंडीच होऊ लागले. म्हणून फेरफाराची व्यवस्था पहिला दाखला वाटायच्या आधी उभी करा: चालत किंवा सायकलने पोचता येईल असं कार्यालय, तिथे गावातलाच शिकवलेला माणूस, एक नोंदवही आणि तिची दुसरीकडे ठेवलेली प्रत. वारसनोंद आणि वाटणी मोफत ठेवा, विक्रीचं शुल्क जमिनीच्या आकाराप्रमाणे. गैरहजर म्हणून निळ्या शाईत राहिलेल्या तुकड्यांची यादी याच कार्यालयात ठेवा. त्यांचा विक्री-व्यवहार नोंदवायला मनाई करा, आणि कुणी परतलं की फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून, शेजाऱ्यांना शेतावर बोलावून भरा.